चंचीतलं पान आणि चुस्पातलं पान

गेल्या महिन्याच्या सदरात उंचावरच्या प्रवासाबद्दल लिहिताना, पेरूमध्ये मी कोकाच्या पानांचा चहा प्यायले, असं एका ओळीत लिहून गेले होते. त्या ओळीवर बरीच पत्रं आली. कुणी घाबरून लिहिलं आहे, कुणी रागावून, बऱ्याच जणांनी नुसत्या कुतूहलाने. मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात 31 वर्षं औषधी वनस्पती शिकवल्या. कोकाचं पान तेव्हा माझ्यासाठी पुस्तकातलं चित्र होतं: लंबगोल, गुळगुळीत, आणि पाठीमागे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पुसटशी रेघ. कळीत पान घडी घालून बसलेलं असतं, त्या घडीची ती खूण. परीक्षेत मुलं ती रेघ विसरली की मी अर्धा गुण कापायचे. पेरूतल्या कुस्को शहराच्या सान पेद्रो बाजारात पहिल्यांदा खरं पान हातात आलं, तेव्हा मी ते आधी उलटं करून पाहिलं. रेघा होत्या. पान विकणारी बाई माझ्याकडे बघून हसली, कारण तिथे पान पारखणारा माणूसही ते असंच उलटसुलट करून बघतो.

प्रश्न : कोका म्हणजेच कोकेन ना? मग मासिकात त्याबद्दल कौतुकाने कसं लिहिता? – एक वाचक, मिरज

तुमचा राग मी समजू शकते. पण कोकाचं पान आणि कोकेनची पूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोका हे दीड-दोन मीटर उंचीचं झुडूप. अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या, दमट, उतरत्या डोंगरांवर ते वाढतं. बोलिव्हियात त्या पट्ट्याला युंगास म्हणतात. वर्षातून तीन-चार वेळा पानं खुडतात आणि उन्हात वाळवतात. अशा 100 ग्रॅम वाळलेल्या पानांत कोकेन असतं साधारण अर्धा ते एक ग्रॅम. बाकी सगळा पानाचा चोथा, त्यातलं कॅल्शियम, इतर अल्कलॉइड, सुगंधी द्रव्यं. गालात धरलेल्या पानांतून कोकेन थोडं थोडं, तासभर झिरपत राहतं. पांढरी पूड करायची म्हणजे ढीगभर पानांवर रसायनांची प्रक्रिया करून त्यातलं ते एकच द्रव्य वेगळं काढायचं. ही पूड जर्मनीत जन्मली. गटिंगेनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट नीमान याने 1860 च्या सुमारास कोकेन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. उत्तर पेरूतल्या नान्चोक खोऱ्यात मात्र घरांच्या जमिनीत पुरलेली कोकाची पानं आणि त्यासोबत वापरायचा चुना सापडला आहे, आणि तो सुमारे 8000 वर्षांपूर्वीचा आहे. पुडीचं वय दीडशेच्या थोडं पुढे, पानाचं आठ हजार. पुडीने केलेल्या नाशाचा हिशोब पानाच्या नावावर लिहू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. पुडीचं कौतुक मी कधी केलं नाही, करणारही नाही.

प्रश्न : आम्ही दोघं (वय 64 आणि 61) जूनमध्ये पेरूतलं माचू पिचू हे इंका लोकांचं जुनं शहर पाहायला जाणार आहोत. "कोकाचा चहा प्या, उंचीचा त्रास होत नाही," असं सहल नेणारे म्हणतात. खरं आहे का? – एक दांपत्य, पुणे

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

कुस्को सुमारे 3400 मीटर उंचीवर आहे. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी कुस्को वरच राहील. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी. तिथून विमानात बसलात की दीडेक तासात या उंचीवर उतरता. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, जिना चढताना धाप लागते, रात्री झोप लागत नाही. तिथले लोक याला 'सोरोचे' म्हणतात आणि त्यावर कोका देतात, हे अगदी खरं. आमच्या हॉटेलात दाराशीच एका टोपलीत पानं आणि शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवलेला असायचा. कपात आठ-दहा पानं टाकायची, वर पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं. रंग फिकट हिरवट-पिवळा येतो. वास वाळलेल्या गवताचा, चव साखर न घातलेल्या गवती चहासारखी, शेवटी किंचित कडसर. मला त्याने बरं वाटलं. पोटात ऊब आली, मळमळ कमी झाली. यात गरम पाण्याचा वाटा किती आणि पानाचा किती, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण हा चहा उंचीच्या आजारावरचा इलाज नाही. त्याने आजार टळतो असा भक्कम पुरावा नाही. आमच्या गटात एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांचं डोकं दुखायला लागलं. सहलीच्या माणसाने त्यांना चहा दिला. डोकं दुखायचं थांबेना, तर आणखी दिला, आणि "सकाळपर्यंत ठीक होईल" असं सांगून तो निघून गेला. रात्री दोन वाजता त्यांच्या मुलीने माझं दार ठोठावलं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, आडवं झालं की श्वास अडकत होता, आणि बोलण्यात गोंधळ होता. टेबलावर कोकाचे चार रिकामे कप. आम्ही गाडी बोलावून त्यांना ऑक्सिजन मिळेल अशा ठिकाणी नेलं आणि उजाडताच खालच्या खोऱ्यात उतरवलं. त्या वाचल्या. पण ते चार कप मला अजून दिसतात. त्या चहाने इजा केली नाही. त्याने वेळ खाल्ला.

तेव्हा असं करा. विमानातून उतरल्यावर कुस्कोत राहूच नका. सरळ खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा, ते कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटर खाली आहे. पहिल्या दोन-तीन रात्री तिथे काढा. माचू पिचू त्याहूनही खाली, 2430 मीटरवर आहे, ते आधी पाहा आणि कुस्को शेवटी ठेवा. पहिले दोन दिवस दारू नाही, पोटभर जेवण नाही, चालणं सावकाश. निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइडबद्दल विचारा, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही त्यांना सांगा. चहा आवडला तर एखादा कप घ्या. पण दोघांपैकी कुणाला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही नको. विश्रांती घेताना धाप लागली, चालताना तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं, तर चहा बाजूला ठेवायचा आणि खाली उतरायचं. मध्यरात्र असली तरी.

प्रश्न : मी पन्नास वर्षं पान खातो. माझी चंची आहे, चुन्याची डबी आहे. तुमच्या लिखाणावरून वाटलं की तिकडचे लोकही आमच्यासारखेच. ते पान कसं खातात? त्यांनाही चुना लागतो का? – एक आजोबा, दापोली

काका, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. हो, त्यांनाही चुना लागतो. आणि चंचीही असते! लोकरीची, विणलेली, रंगीत पट्ट्यांची छोटी पिशवी, गळ्यात किंवा खांद्याला अडकवलेली. तिला चुस्पा म्हणतात.

कुस्कोच्या बाजूला पान असं खातात: एकेक पान घ्यायचं, देठ आणि जाड शीर काढायची, पान गालात सरकवायचं. चावायचं नाही. लाळेने ओलं होऊ द्यायचं. पंधरा-वीस पानांचा गोळा गालात जमला की ल्यिप्ताचा हरभऱ्याएवढा तुकडा तोडून त्यात सरकवायचा. ल्यिप्ता म्हणजे क्विनोआ या तिकडच्या धान्याच्या काड्या जाळून केलेल्या राखेची काळपट वडी. राख काय, चुना काय, काम एकच, क्षाराचं. पानातलं द्रव्य आम्लाशी बांधलेलं असतं, क्षार ते मोकळं करतो, आणि मोकळं झालेलं द्रव्य गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. क्षाराशिवाय पान म्हणजे नुसता पाला. मी बाजारातल्या त्या बाईसमोर पान तोंडात घातलं, तेव्हा पाच मिनिटं काहीच झालं नाही. तिने वडीचा तुकडा दिला, मी तो पानाच्या आत नीट गुंडाळला नाही, आणि तो थेट हिरडीला लागून जरा भाजलं. चुना जास्त झाला की तुमची जीभ पोळते, अगदी तसं. मग हळूहळू गाल जड झाला, बधिर झाला, आणि माझी भूक गेली. डोक्यात नशा वगैरे काही नाही. कडक चहा घेतल्यावर येते तेवढी तरतरी.

कोलंबियाच्या सिएरा नेवादा डोंगरात कोगी लोक राहतात. त्यांच्याकडे राखेऐवजी समुद्रातल्या शिंपल्यांचा चुना असतो, तुमच्या कोकणातल्यासारखा, शिंपले भाजून केलेला. तो ते एका छोट्या भोपळ्यात ठेवतात. त्याला पोपोरो म्हणतात. मुलगा वयात आला की त्याला त्याचा पोपोरो मिळतो. काडी ओली करून भोपळ्यात बुडवायची, चुना चाटायचा, आणि काडीला उरलेला ओलसर चुना भोपळ्याच्या तोंडाला घासायचा. वर्षानुवर्षं घासून भोपळ्याच्या गळ्याभोवती पिवळट थर चढतो. पानं खुडतात बायका, खातात पुरुष. आणि खाली अ‍ॅमेझॉनच्या जंगलात तर पानं भाजून, कुटून, सेक्रोपिया नावाच्या झाडाच्या पानांची राख मिसळून हिरवी भुकटी करतात. ती गालात भरून पुरुष मंडळी रात्री मोठ्या सामायिक घरात बसतात आणि बोलतात. पान तोंडात असताना खोटं बोलायचं नाही, असा तिथला संकेत.

तुम्ही विडा देवापुढे ठेवता. तेही आधी ठेवतात. तीन अखंड, न फाटलेली पानं निवडायची, देठाकडून एकत्र धरायची, तोंडासमोर आणायची आणि त्यांवर हलकेच फुंकर घालायची. डोंगरदेवांची नावं घ्यायची, पाचामामाचं म्हणजे धरणीमातेचं नाव घ्यायचं. या तीन पानांच्या जुडीला म्हणतात 'किंतू'. आपल्याकडे किंतु म्हणजे मनातली शंका. तिथे समोरच्याला किंतू दिला की शंका संपते. शेत नांगरायला शेजाऱ्याला बोलवायचं, मुलीला मागणी घालायची, भांडण मिटवायचं, सगळ्याची सुरुवात पानं पुढे करून. आपल्याकडे पानसुपारी करतात तसंच. जुन्या काळी तर वाटही पानानेच मोजायचे: एक गोळा गालात पुरेल तेवढ्या चालीला म्हणायचे एक 'कोकादा'.

एक मात्र, काका, हात जोडून सांगते. कोकाच्या गोळ्यात सुपारी नसते. तुमच्या विड्यात असते, आणि तोंडाचा कर्करोग सुपारीनेही होतो, तंबाखू नसली तरी. पन्नास वर्षं झाली म्हणता, तर दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड उघडून दाखवा. आतून पांढरा चट्टा असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर उशीर करू नका.

प्रश्न : मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोकाचे पारंपरिक औषधी उपयोग कोणते, आणि त्यांना आधार आहे का? – विद्यार्थिनी, नाशिक

परीक्षेसाठी विचारते आहेस की मनापासून, ते लिहिलं नाहीस. मनापासून विचारलंस असं धरते.

दातदुखीवर पानाचा गोळा दुखऱ्या दाढेशी धरतात. पोटदुखी, मळमळ, जुलाब यांवर काढा. डोकेदुखीवर ओलं पान कानशिलाला चिकटवतात. बाजारातल्या त्या बाईच्या डाव्या कानशिलावरही एक पान होतं, मला आधी वाटलं उडून चिकटलंय. थकवा, भूक, थंडी यांवर गालात गोळा. बोलिव्हियात यातिरी नावाचे जाणकार पानं कापडावर उधळून कशी पडली ते बघतात आणि आजाराचं मूळ सांगतात, तोही त्यांच्या दृष्टीने उपचारच.

यातल्या बधिरपणाचा आधार तर साऱ्या जगाने मान्य केला. 1884 मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याआधी मोतीबिंदू काढताना माणूस शुद्धीवर असायचा, आणि त्याला सगळं जाणवायचं. तिथून स्थानिक भूल सुरू झाली. कोकेन घातक आणि व्यसन लावणारं, म्हणून त्याच्या रेणूकडे बघत 1905 च्या सुमारास प्रोकेन आलं, मग स्वीडनमध्ये 1943 साली लिग्नोकेन तयार झालं. आज दाढ काढताना हिरडीत टोचतात ते बहुधा हेच. त्या नावांच्या शेवटी येणारं 'केन' कोकेनकडून आलेलं आहे. दाढेशी पान धरणाऱ्या त्या अनाम माणसांचं नाव कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, याची मला शिकवताना दरवर्षी खंत वाटायची.

ताकदीच्या दाव्यांबाबत मात्र सावध राहा. पानांत कॅल्शियम भरपूर आहे, पण गालात धरून थुंकलेल्या पानातून शरीराला किती मिळणार, हा विचार कर. आणि भूक मेली म्हणजे पोट भरलं असं नव्हे. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातली पोतोसीची चांदीची खाण स्पॅनिश लोकांना सापडली. चर्चच्या मंडळींनी आधी कोका सैतानाचं पान म्हणून निषिद्ध ठरवायचा प्रयत्न केला होता. पण पानाशिवाय मजूर खाणीत उतरेनात, आणि पानाच्या व्यापारातून पैसाही मिळू लागला. मग तेच पान ढिगांनी खाणीकडे जाऊ लागलं. 4000 मीटरवर, अंधारात, अर्धपोटी राबणाऱ्या माणसाची भूक पान मारत होतं, आणि त्याचा फायदा घेत होता मालक. पारंपरिक उपयोग लिहिताना हेही लिही. गुण मिळोत न मिळोत.

प्रश्न : हे पान इतकं जुनं आणि साधं, तर जगभर बंदी का? – एक वाचक, ठाणे

संयुक्त राष्ट्रांची एक समिती 1949 मध्ये पेरू-बोलिव्हियात गेली आणि पान चघळणं ही वाईट सवय आहे असं ठरवून आली. 1961 च्या अमली पदार्थांच्या करारात पानालाही कोकेनच्याच यादीत बसवलं आणि 25 वर्षांत चघळणं संपवा असं लिहिलं. ते संपलं नाही. बोलिव्हियाने 2009 च्या राज्यघटनेत कोकाला वारसा म्हणून संरक्षण दिलं, मग करारातूनच बाहेर पडला, आणि 2013 मध्ये आपल्या देशातल्या चघळण्यापुरती सवलत राखून परत आत आला. मला हे योग्य वाटतं. पण बोलिव्हियातल्या शेतकऱ्याचा हक्क मान्य करणं म्हणजे इथे पान आणणं नव्हे. पुडीचं व्यसन आपण एकदा पाहिलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-कलकत्त्यात कोकेनची पूड विड्याच्या पानात, चुन्यासोबत घालून खाल्ली जायची, आणि पोलीस तिच्या मागावर असायचे. चुन्याचं रसायन तेच, पण आत पान नव्हतं, पूड होती.

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. पेरूच्या बंदरातून त्याने कोकाच्या चहाची पाकिटं घेतली आहेत, सुट्टीवर येताना आणणार म्हणतो. आणू द्यावं का? – एक आई, रत्नागिरी

नाही. ताई, हे वाचताच त्याला फोन करा.

एक म्हणजे आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कोकेनसारखाच कोकाच्या पानालाही लागू आहे. झुडूप लावणं, पान जवळ बाळगणं, आणणं, सगळाच गुन्हा, आणि दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी होऊ शकते. तिथे दुकानात उघड मिळतं, पाकिटावर छान चित्र असतं, म्हणून मुलांना ते चहाच वाटतं. वाटेत अमेरिकेत विमान बदललं तर तिथेही बंदी आहे. दुसरं म्हणजे त्याची नोकरी. जहाजावर लघवीची तपासणी होते. या चहाच्या एका टी-बॅगच्या कपात चार-पाच मिलिग्रॅम कोकेन असतं. त्याने नशा होणार नाही, पण तपासणीत ते सापडतं, एक कप प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशीसुद्धा. "मी फक्त चहा प्यालो" हे तपासणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्याला सांगा, पाकिटं तिथेच ठेवून ये, आणि यापुढे बंदरावर कुणी हौसेने कप पुढे केला तरी घेऊ नकोस.

मी कुस्कोहून एक चुस्पा विकत आणली, लाल-काळ्या पट्ट्यांची. निघायच्या आदल्या रात्री ती उलटी केली, तर शिवणीत पानांचा चुरा अडकलेला होता. टाचणीने एकेक कण काढला, पिशवी दोनदा धुतली, हॉटेलच्या खिडकीत वाळत घातली. उरलेली पानं सकाळी दाराशेजारच्या त्या टोपलीत परत ठेवली. आता त्या पिशवीत माझा चष्मा असतो.